रेषा, स्वर आणि गणिताची मध्यस्थी
चित्राचे संगीतात भाषांतर होते, हे विधान बहुधा रूपकाच्या पातळीवरच राहते. संगीतकार व वास्तुशिल्पी यानिस झेनाकिसच्या बाबतीत मात्र ते तपासून पाहता येते. ‘मेटास्टासिस’ (१९५३-५४) या वाद्यवृंदरचनेतील काही भाग त्याने आलेखकागदावर रेखाटले: आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. त्यातील प्रत्येक तिरपी सरळ रेषा म्हणजे तंतुवाद्यावरील मींडेसारखी अखंड सरक. अशा अनेक रेषांच्या क्रमातून वक्र साकारतो. ल कॉर्ब्यूझिएच्या कार्यालयात असताना झेनाकिसने ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनातील फिलिप्स मंडपाची वक्र पृष्ठे याच तत्त्वावर रचली.

येथे संक्रमित झाले ते रेषांचे परस्परसंबंध, अनुभव नव्हे. मंडपात दृष्टी मागे वळू शकते. सरलेला स्वर परतत नाही. १९७७ च्या ‘यूपिक’ या त्याच्या संगणकयंत्रणेत रेखाटनच ध्वनिरूप घेते. पण तीच आकृती काही सेकंदांत वा अनेक मिनिटांत वाजवता येते, आणि प्रत्येक वेळी संगीत निराळे होते. कोणत्या अक्षाला कोणता अर्थ व किती अवधी द्यावा, हे गणित ठरवीत नाही, कलावंत ठरवितो. समीक्षेचा विषय ही निवड आहे, समीकरण नव्हे.