रॅम्बोचा सुरा
'फर्स्ट ब्लड' (१९८२) पाहताना मला नायकापेक्षा त्याच्या सुऱ्याचाच अभिनय अधिक आवडला. अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या जिमी लाइल यांची ती कारागिरी. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत काड्या नि सुई-दोरा, टोपणात होकायंत्र! मूठ कसली, आजीची चंचीच ती! पण पोकळपणा चंचीला शोभतो, मुठीला नव्हे. पात्याची शेपटी मुठीत शेवटपर्यंत गेली, तर लाकूड फोडतानाचा हिसका सोसते. इथे बिऱ्हाडाला जागा द्यायची म्हणून तीच बिचारी आखूड झाली. खरे शहाणपण म्यानात आहे. तिथे धारेच्या दगडासाठी वेगळा खिसा. बाकीचा संसारही तिथेच मांडला असता, तर काय बिघडले असते? उत्तर दिशा रात्री ध्रुवतारा फुकट दाखवतो हो. पण मोडलेला सुरा काही जोडून देत नाही!