दोन सूत, चार सूत

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारच्या बाजाररस्त्यावर औषधांचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीवरून एसीच्या दोन नळ्या खाली उतरतात. त्या बसवल्या जाताना मी तिथे होतो. त्या उन्हाळ्यात गावात झालेल्या कामांत इतकं नेटकं काम मला दुसरं दिसलं नाही. तांब्याची चमक शोधाल तर ती कुठेच नाही, सगळं काळ्या रबरी आवरणाखाली गेलेलं. पण चाल बघा. भिंतीच्या भोकातून बाहेर पडताना नळ्या किंचित खाली झुकल्या आहेत, म्हणजे पावसाचं पाणी त्यांच्यावरून ओघळून दुकानात शिरणार नाही. मग एक ऐसपैस वळण. तिथून सरळ खाली, मापात मारलेल्या क्लिपा, आणि बाहेरच्या युनिटजवळ एक सैल वळसा, कंप्रेसरची थरथर थेट नटावर जाऊ नये इतपत. पुष्कळ मिस्त्री जादा पाइपचं वेटोळं युनिटमागे उभं टांगून देतात, आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याच्या तळाशी कंप्रेसरचं तेल साचत राहतं. इथे कंपनी सांगते तेवढी किमान लांबी राखून पाइप मापाने कापला आहे.

दीड टनाच्या यंत्राला दोन सूत आणि चार सूत पाइप लागतो, म्हणजे पाव इंच आणि अर्धा इंच. बारीक नळीतून गॅस द्रवरूपात आत येतो, खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ जाड नळीतून कंप्रेसरकडे परतते. वाफेला जागा जास्त लागते म्हणून परतीची वाट रुंद. यात एक बारकावा आहे, जो चुकलेला मी गावोगावी पाहतो. घरगुती स्प्लिट एसीत द्रवाचा दाब सहसा बाहेरच्या युनिटातच पाडलेला असतो. त्यामुळे बारीक नळीही गारच असते आणि दोन्ही नळ्यांना वेगवेगळं आवरण लागतं. दोघींना एकाच आवरणात कोंबलं की एकीची उष्णता दुसरीला जाते. बारीक नळी उघडी सोडली की ती घाम गाळते आणि दोन महिन्यांत भिंतीवर ओलीची पट्टी उतरते. या दुकानाच्या भिंतीवर दोन नळ्यांना दोन आवरणं आहेत, आणि आवरणांचे सांधे चिकटवून बंद केलेले आहेत.

मिस्त्री बऱ्हाणपूरहून आला होता, तिशीतला. मराठी, हिंदी आणि निमाडी एकाच वाक्यात बोलणारा, म्हणजे या भागातलाच. पाइप कापून झाल्याबरोबर त्याने उरलेल्या वेटोळ्याच्या तोंडाला टोपी घातली. टोपी हरवली होती त्या टोकाला टेप गुंडाळला. मला तिथेच त्याच्याबद्दल आदर वाटला. मे महिन्यात खकनारला पारा ४४-४५च्या आसपास असतो आणि दुपारचा वारा रस्त्यावरची माती उचलून दुकानादुकानांत नेऊन टाकतो. त्या वाऱ्यात नळीचं तोंड पाच मिनिटंही उघडं न ठेवणं, इथून या कामाची गोडी सुरू होते. तांबं बाजारात कोणालाही मिळतं. नळीच्या आतली पोकळी स्वच्छ, कोरडी आणि हवारहित ठेवणं हे कसब आहे, आणि पुढची प्रत्येक हालचाल त्याच एका हेतूने होते.

कापायला त्याने करवत घेतली नाही. करवतीने तांब्याचा चुरा आत पडतो. चाकाचा कटर नळीभोवती थोडा थोडा आवळत फिरवला. कटरने आतल्या कडेला धार उभी राहते, ती रीमरने काढताना नळीचं तोंड जमिनीकडे, म्हणजे कीस बाहेर पडेल. मग नट सरकवला आणि त्यानंतरच फ्लेअर. (नट घालायला विसरून फ्लेअर करून बसणं, ही या धंद्यातली प्रत्येकाची दीक्षा असते. सगळे हसतात, पाइप पुन्हा कापला जातो.) ४५ अंशांत उमललेली ती तांब्याची कड मी हातात घेऊन पाहिली. चार सुती नळीचा फ्लेअर १६.२ ते १६.६ मिलिमीटर रुंद असावा लागतो. लहान झाला तर नटाखालून निसटतो, मोठा झाला तर नटात बसत नाही. कडेवर एक चीर, एक ओरखडा चालत नाही, कारण या सांध्यात रबर नाही की वॉशर नाही. तांब्याचा मऊ उतार पितळेच्या कठीण उतारावर दाबून बसतो, एवढ्यावर गॅस अडतो.

नट आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसलाय, सोडवून पुन्हा लावायचा. मग दोन पाने, एक धरायला आणि एक आवळायला, नाहीतर नळीच पिळली जाते. चार सुताला साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटर, दोन सुताला १४ ते १७. हे मोजणारा टॉर्क पाना त्याच्या पेटीत होता. बहुतेकांच्या पेटीत तो नसतो, आणि ‘चांगला टाइट केलाय’ या वाक्यावर काम संपतं. ताकदवान माणसाने जीव लावून आवळलेला नट फ्लेअरची कड पातळ करतो. पहिला उन्हाळा निघतो, दुसऱ्या उन्हाळ्यात गॅस गेलेला असतो, आणि दोष कंपनीला दिला जातो.

आवळण्याला एवढं महत्त्व का, ते दाबाचे आकडे सांगतात. या यंत्रात आर-३२ हा गॅस आहे. ४५ अंशांना, यंत्र बंद असतानाही, त्याचा दाब २७ बारच्या आसपास असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास बारा पट. चालू यंत्रात बाहेरच्या बाजूला तो याहूनही चढतो. जुना आर-२२ त्या मानाने सौम्य होता. आर-२२ ओझोनला बाधक म्हणून मागे पडला, त्याच्यानंतरचा आर-४१०ए तापमानवाढीला बाधक ठरला. आर-३२चा तापमानवाढीतला वाटा त्याच्या एक तृतीयांश आहे. असे तापमान वाढवणारे गॅस कमी करण्याचा किगाली इथला करार २०१६चा, भारताने त्याला २०२१मध्ये मान्यता दिली, आणि त्या मोठ्या हिशेबातूनच हा गॅस खकनारच्या भिंतीवर आला आहे. पण तो मंदपणे का होईना, पेट घेतो. हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे गळाला तर जमिनीलगत साचतो. जळाला तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो. म्हणून गॅस असलेल्या नळीला ज्योत लावायची नाही, खोलीचं दार-खिडकी उघडी ठेवायची आणि जवळ बिडी ओढणाऱ्याला बाहेर पाठवायचं. द्रवरूपातला हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे ५२ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते. आमच्या मिस्त्रीने हातमोजे घातले होते. चष्मा मात्र कपाळावर होता. तो डोळ्यांवर हवा होता.

गळती तपासायला त्याने नायट्रोजन आणला होता. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरात सुमारे १५० बार दाब असतो, तेव्हा रेग्युलेटरशिवाय तो जोडणं म्हणजे अपघाताला बोलावणं. काही जण वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन वापरतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यात माणसं गेली आहेत, याला दुसरी बाजू नाही. नायट्रोजन टप्प्याटप्प्याने चढवत कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेपर्यंत न्यायचा, या गॅससाठी ६०० पीएसआयच्या आसपास, आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघत बसायचं. रात्रभर ठेवलं तर आणखी चांगलं. मग इथलं हवामान आपला खेळ करतं. संध्याकाळी ४३ अंशांना ६०० दाखवणारा काटा पहाटे २७ अंशांना ५७०वर दिसतो, आणि गळती काडीची नसते. वायू गार झाला, दाब उतरला. ज्याला हा हिशेब ठाऊक नाही तो सकाळी चांगले सांधे उघडून बसतो.

आणि मग व्हॅक्यूम. माझ्या मते रस घेण्याजोगा प्रसंग हाच, आणि बघणाऱ्याला सर्वांत कंटाळवाणा वाटणाराही हाच. एक पंप गुरगुरतो, बाकी काही घडत नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं, “भाऊ, अजून किती वेळ?” मिस्त्री गेजवरून नजर न हलवता म्हणाला, “आकडा उतरू द्या, शेठ.” पूर्वी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलत असत. आजही ढकलतात. त्याने हवा बरीचशी जाते, ओल राहते. नव्या यंत्रांतलं तेल ओल शोषून घेतं, तिच्याशी संयोग होऊन आम्ल बनतं, आणि ते आम्ल कंप्रेसरच्या मोटरीची तार आतून खात राहतं. ओल काढायचा मार्ग एकच: नळीतला दाब इतका उतरवायचा की पाणी आपणहून उकळून वाफ होईल आणि पंप ती ओढून नेईल. पाऱ्याच्या ५५ मिलिमीटर दाबाला पाणी ४० अंशांवरच उकळतं. खकनारच्या मे महिन्यात नळी तेवढी तापलेली असतेच. ज्या उन्हापासून सुटका हवी म्हणून एसी घेतला, ते ऊन या एका कामात मिस्त्रीच्या बाजूने उभं राहतं. हेच काम जानेवारीच्या सकाळी केलं तर पंपाला बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

आकडा ५००च्या खाली उतरायला हवा. हे मायक्रॉन, म्हणजे पाऱ्याचा अर्धा मिलिमीटर. तिथे पोचल्यावर त्याने व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला आणि गेजकडे बघत बसला. मीही बसलो. आकडा चढत चढत एका ठिकाणी थबकला तर आत अजून ओल आहे. न थबकता चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. थोडासा हलून खालीच स्थिर राहिला तर नळी खरोखर रिकामी आहे. बंद नळीच्या आत काय आहे हे न उघडता वाचण्याची इतकी सुंदर रीत मी दुसऱ्या कुठल्या कारागिरीत पाहिलेली नाही. आकडा खालीच राहिला. त्यानंतरच त्याने अॅलन की लावून बाहेरच्या युनिटातला गॅस नळ्यांत सोडला.

याच जिल्ह्यात, बऱ्हाणपूरला, कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेली भुयारी पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं, आणि वाटेत शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या, उजेड-हवा आत जावी, माणूस उतरून बघू शकावा म्हणून. २०२४मध्ये तिचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. तिथल्या बांधणाऱ्यांनी वाट ठिकठिकाणी उघडी ठेवली, आमच्या मिस्त्रीला ती कुठेच उघडी चालत नाही. सांधा दिसला पाहिजे, हात पोचला पाहिजे, हा आग्रह मात्र दोघांचा एकच. म्हणून भिंतीत गाडलेल्या पाइपमध्ये सांधा ठेवायचा नसतो. नव्या बंगल्यांत प्लॅस्टरखाली सांधे लपवून दिलेले दिसतात तेव्हा चारशे वर्षांपूर्वीचे लोक जास्त व्यवहारी वाटतात.

दुकानाच्या कामात ज्योत लागली नाही. ती बघायची तर केळी पिकवण्याच्या खोल्या बघाव्यात. बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातली केळी हिरवीच ट्रकमध्ये चढते आणि उत्तरेतल्या शहरांत रायपनिंग चेंबरमध्ये पिवळी होते. तिथे इथिलीन आणि साधारण १५ ते १८ अंश तापमान लागतं. १३च्या खाली गेली की साल काळवंडते. पिकताना केळी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे यंत्र मोठं, नळ्या लांब आणि सांधे ब्रेझिंगचे, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून जोडलेले. तांबं हवेत ७०० अंशांपर्यंत तापलं की आतून काळी खपली धरते. पुढे ती सुटते आणि यंत्रातल्या बारीक छिद्रात जाऊन अडकते. म्हणून ज्योत चालू असताना नळीतून नायट्रोजनचा अगदी मंद झोत सोडत राहायचा, एक टोक मोकळं ठेवून. खोली बंद असेल तर नायट्रोजन प्राणवायूला हटवतो, म्हणून दार उघडं. असा सांधा कापून पाहिला तर आतलं तांबं गुलाबीच राहिलेलं दिसतं. आणखी एक सौंदर्य तिथे उभ्या नळीच्या पायथ्याशी असतं, यू आकाराचा छोटा ट्रॅप. कंप्रेसर वर असेल तर तेलाला चढण चढावी लागते. ट्रॅपमध्ये ते साचतं, वाट अडते आणि वाफेचा जोर त्याला वर उचलून नेतो. ‘मोठा घातला म्हणजे बरं’ म्हणून कोणी जाड पाइप घातला की वाफेचा वेग पडतो, तेल खालीच राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडून मरतो.

औषधांच्या दुकानातल्या कामात मला एक उणीव दिसली. भिंत पश्चिमेची आहे आणि रबराच्या आवरणावर टेप फक्त अर्ध्यापर्यंत गुंडाळलेला आहे. खालचा भाग दुपारभर उन्हात असतो. चार-पाच उन्हाळ्यांत ते रबर तडकेल. विचारलं तर तो म्हणाला, “काका, टेप संपला.” त्याच्या गाडीवर पंप होता, नायट्रोजन होता, टॉर्क पाना होता आणि काही रुपयांचा टेप नव्हता.

बिल मी पाहिलं. पाइपचे पैसे फुटावर, स्टँडचे वेगळे, बसवणुकीचे ठरलेले. व्हॅक्यूमची ओळ त्यात नव्हती, नायट्रोजनचीही नाही. जो मिस्त्री हे दोन्ही गाळतो त्याचंही बिल इतकंच येतं आणि तो दिवसाला एक काम जास्त करतो. एसी घेणाऱ्याने तरी पंप बंद झाल्यावर गेज दाखवायला सांगावं आणि दहा मिनिटं आकड्याकडे बघत थांबावं. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्यावेत.