पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

दिवाळीच्या खरेदीत आकाशकंदील झाला, उटणे झाले, कपडे झाले, आणि औरंगपुऱ्यातून परतताना घरातले कुणीतरी म्हणते, "लहानग्यासाठी एखादे पुस्तकही घेऊ." दुकानदार अशा वेळी बहुधा जे पुढे करतो ते पुस्तक नसतेच, चकचकीत कागदावरचा अक्षरांचा तक्ता असतो. अ अननसाचा, ब बदकाचा. मूल दहा महिन्यांचे असो की पाच वर्षांचे, तक्ता तोच. त्याच्याशी माझे वैर नाही, पण त्याला पुस्तक म्हणायला मी तयार नाही. त्यात कुणाला काही होत नाही. अननस आपला नुसता बसलेला असतो.

तान्ह्या मुलाला अक्षर नको असते, आवाज हवा असतो. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ मध्ये आली. ती मुलाने वाचावी म्हणून घेऊ नये; मोठ्यांनी मांडीवर घेऊन म्हणावी म्हणून घ्यावी. त्यातले प्राणी मुलाला शहाणे करायला निघालेले नाहीत, हा माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण. बाकी आपल्याकडच्या बालकवितेत दर चौथ्या ओळीला कुणीतरी लवकर उठून दात घासत असते!

चित्राचेही तसेच. कोमेनियसने मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले ते १६५८ मध्ये. आपण मात्र अजून चित्र म्हणजे मजकुराशेजारची रांगोळी समजतो. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत तसे नाही. 'बाबांच्या मिशा' घ्या. अनू नावाच्या मुलीला वडिलांच्या मिशा फार आवडतात, एवढाच जीव त्या गोष्टीचा. पण लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असल्यामुळे शब्द जिथे थांबतात तिथून चित्र पुढे बोलते. माझी तक्रार एकच, आणि ती त्यांच्याविषयी नव्हे, एकूण मराठी बालपुस्तकांविषयी आहे. त्यांतली घरे आणि बोली बहुतेक पुण्यामुंबईची. आमच्याकडची ज्वारीची कणसे, हुरडा, दखनी बोलणारी शेजारीण त्यांत क्वचितच डोकावते.

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाची गोष्ट निराळी. आपली लिपी त्याला मोठी अनुकूल आहे. घर, नळ, कमळ, गवत: काना नाही, मात्रा नाही, आणि चार-सहा अक्षरांवर मूल खरोखर वाचू लागते. असे असताना बाजारातली 'सोपी' गोष्ट पहिल्याच पानावर कृतघ्न, प्रत्युत्तर, धूर्त असे शब्द घेऊन उभी राहते. टाइप मोठा केला की पुस्तक लहान मुलांचे झाले, हा प्रकाशकांचा गोड समज आहे. विकत घेण्यापूर्वी एखादे पान उघडून त्यातली जोडाक्षरे मोजावीत; किंमत नंतर पाहावी.

हा प्रश्न आमच्या छत्रपती संभाजीनगरात अधिक टोचतो. निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, इथले वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. माझ्या आजोबांना मराठी येत होती ती जात्यावरच्या ओव्यांतून. छापील मराठी त्यांच्या हाती उशिरा आली. आज चित्र उलट आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि घरी उर्दू बोलणारे मूलही आता मराठी अक्षरे गिरवते. त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकाखेरीज काय आहे? रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ पासून इथल्या मोहल्ल्यांत बालवाचनालये उघडली, याचे मोल मला म्हणूनच फार वाटते. पुस्तक मुलाच्या गल्लीत, चपला न घालता जाता येईल इतक्या जवळ आले. पण कपाट भरायला निघालो की पुन्हा तोच अननस.

ण आणि ळ यांनी कुठल्याच मराठी शब्दाची सुरुवात होत नाही, तरी तक्तेवाल्यांनी बाण आणि बाळ शोधून काढलेच. मग याच दिवसांत दौलताबादेकडून टोपल्या भरभरून येणारे सीताफळ त्यांना का सापडू नये? स सीताफळाचा, प पाणचक्कीचा, ह हिमरूचा. एवढे पुस्तक इथल्याच एखाद्या चित्रकाराने काढावे. पुढल्या दिवाळीत मी त्याच्या पाच प्रती घेईन.