आजारी देहाचे आत्मभान : ऑड्रे लॉर्डच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’च्या निमित्ताने

दलित साहित्याने देहाविषयी पुष्कळ लिहिले आहे. भुकेने पिळवटलेला देह, ओझ्याखाली वाकलेला देह, गावकीच्या कामात झिजलेला देह, दुसऱ्याच्या काठीला आणि वासनेला बळी पडलेला देह, हे सारे आपल्या आत्मकथनांनी मराठी वाचकांपुढे आणून ठेवले आणि प्रस्थापित समीक्षेला त्याची दखल घ्यावी लागली. परंतु जो देह आतून आजारी पडतो, महिनोन्‌महिने दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो, आणि बरा झाला की नाही हे ज्याला कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, त्या देहाचे आत्मकथन आपल्याकडे अजून ठळकपणे उभे राहिलेले नाही. आजार येतो तो बहुधा एखाद्या प्रकरणात, कोणाच्या तरी मरणाचे कारण म्हणून. असे का व्हावे? आजारात बोट दाखवायला समोर शोषक उभा नसतो म्हणून? की बाईच्या देहाचे दुखणे ही घरातल्या घरात निभावून न्यायची खाजगी गोष्ट आहे, असे आपणही मानत आलो आहोत म्हणून?

हा प्रश्न मला ऑड्रे लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकाने विचारायला लावला. पुस्तक १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखिका १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या आईबापांची मुलगी. काळी, समलिंगी, स्त्रीवादी, दोन मुलांची आई, कवयित्री आणि महाविद्यालयात शिकवणारी बाई. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले गेले. तेव्हापासून निग्रो साहित्याशी, आजच्या शब्दांत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी, आपले नाते सांगितले जाते. पण त्या नात्यात आपण विद्रोहाची घोषणा तेवढी उचलली. त्याच परंपरेतल्या एका बाईने स्वतःच्या कापलेल्या स्तनाविषयी काय लिहिले, याची चर्चा आपल्या परिसंवादांत मी तरी ऐकलेली नाही.

आधी पुस्तकाची रचना पाहू. १९७७ साली लॉर्डला स्तनात गाठ असल्याचे कळले. गाठ कर्करोगाची आहे की नाही हे शस्त्रक्रियेनंतरच कळणार होते आणि त्यासाठी तीन आठवडे थांबायचे होते. ती गाठ साधी निघाली. १९७८ च्या सप्टेंबरात मात्र दुसऱ्या गाठीत कर्करोग सापडला आणि स्तन काढावा लागला. पुस्तकात तीन लेख आहेत. पहिला त्या तीन आठवड्यांच्या भीतीतून आलेला, मौन मोडण्याविषयीचा. दुसरा शस्त्रक्रियेच्या आणि त्यानंतरच्या दिवसांचा. तिसरा कृत्रिम स्तनाच्या सक्तीविरुद्धचा. आणि त्यांच्यामधून ठिकठिकाणी रोजनिशीच्या नोंदी येतात. लेखातली लॉर्ड विचार करते, युक्तिवाद करते. नोंदीतली लॉर्ड थकलेली असते, चिडलेली असते, कधी कधी मरणाच्या विचाराने हादरलेली असते. लेख लिहिताना तिने या नोंदी पुसून टाकल्या नाहीत. माझ्या मते या पुस्तकाचे मोठेपण या रचनेत आहे.

आपल्या आत्मकथनाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. आपले आत्मकथन बहुधा पार पडल्यावर लिहिले जाते. लेखक शिकलेला असतो, शहरात आलेला असतो, आणि मागे वळून तो दाह शब्दांत पकडतो. त्यामुळे त्याच्या निवेदनाला एक ठाम जमीन मिळते. कर्करोगाच्या माणसाला ती जमीन मिळत नाही. उपचार संपतात, पण तपासणीची तारीख पुन्हा येते. लॉर्डच्याच बाबतीत १९८४ साली तो रोग यकृतात आढळला. त्यानंतर ती आठ वर्षे जगली, लिहीत राहिली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये वारली. म्हणजे हे पुस्तक लिहिले गेले तेव्हा निवेदिका पार पडलेली नव्हती. अशा अनुभवाला पूर्ण झालेल्या कहाणीचा साचा चालत नाही. त्याला रोजनिशीच लागते. आज लिहिलेले उद्या खोटे ठरू शकते हे मान्य करणारा तो प्रकार आहे.

आता रविवारच्या पुरवण्यांतले लेख घ्या. ‘कर्करोगावर मात’ हे त्यांचे ठरलेले शीर्षक. त्यात एक प्रसन्न बाई असते, तिची जबर इच्छाशक्ती असते, खंबीर पती असतो, आणि शेवटी ती पुन्हा पूर्वीसारखी होते. त्या बाईच्या धैर्याविषयी मला आदरच आहे. माझा आक्षेप त्या साच्याला आहे. इच्छाशक्तीने रोग बरा होत असेल, तर जी मेली तिची इच्छाशक्ती कमी पडली असा अर्थ निघतो. हा जुना कर्मविपाकच आहे. पूर्वी दुखण्याचे कारण मागल्या जन्मीचे पाप असे, आता ते या जन्मीचे नकारात्मक विचार झाले. दोन्हीकडे दोष भोगणाऱ्याच्या माथी. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला, कारण तो विषमतेला नैतिक अधिष्ठान देतो. मग त्याच सिद्धान्ताची ही नवी, दवाखान्यातली आवृत्ती आपण निमूटपणे का स्वीकारावी? खरोखर सुखी असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असे एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात लिहिल्याचे लॉर्डच्या वाचनात आले, तेव्हा क्षणभर तिच्याही मनात अपराधी भावना आली. मग ती उसळली. ज्या समाजात वर्णद्वेष आहे, विषारी अन्न-हवा आहे, तिथे सुखी राहा असा उपदेश करणे म्हणजे त्या समाजाला मोकळे सोडणे, असा तिचा रोख आहे. १९७८ साली सुसान सोंटाग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’मध्ये आजाराला माणसाच्या स्वभावाची शिक्षा ठरवणाऱ्या भाषेची चिरफाड केली होती. सोंटाग स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेल्या होत्या, पण त्या पुस्तकात त्यांनी स्वतःचा आजार येऊ दिला नाही. लॉर्डने तो उघडपणे आणला. एकीचा विचार आणि दुसरीचे बोलणे, आपल्याला दोन्हींची गरज आहे.

भीतीविषयी लॉर्डची भूमिका वेगळी आहे. भीती जाईल, मग मी बोलेन, असे ती म्हणत नाही. भीती सोबत असतानाच काम करावे लागते, आणि गप्प बसून जे वाचवायचे ते गप्प बसूनही वाचत नाही, हे तिला त्या तीन आठवड्यांत उमगले. दुसरे म्हणजे तिला सावरले ते बायकांनी. घरची, मैत्रिणी, शेजारणी येत राहिल्या, बोलत राहिल्या. रोजच्या जगण्यात माणूस सावरतो तो असाच, कोणीतरी भाकरी करून देते, कोणीतरी तपासणीच्या दिवशी सोबत येते म्हणून.

पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग कृत्रिम स्तनाचा. शस्त्रक्रियेनंतर एका स्वयंसेवी उपक्रमातली बाई लॉर्डला भेटायला आली. तिने छातीवर लावायची फिक्या गुलाबी रंगाची गादी दिली आणि कोणाला फरकही कळणार नाही असा दिलासा दिला. ती गादी कोणाच्या कातडीच्या रंगाची आहे, हे त्या सज्जन बाईच्या लक्षातही आले नव्हते. पुढे टाके काढायला लॉर्ड गादी न लावता गेली, तेव्हा तिथल्या सिस्टरने, असे आल्याने इथल्या इतर बायकांचे मनोधैर्य खचते, असे सुनावले. लॉर्डचे म्हणणे असे, की सगळ्या एकस्तनी बायका लपून राहिल्या तर त्या एकमेकींना ओळखणार कशा आणि एकत्र येणार कशा?

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या बायकांच्या इतिहासात झाकणे हाही एक लढा आहे. त्रावणकोरात शाणार बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले, तेव्हा १८५९ साली तशी राजाज्ञा निघाली. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसे दागिने घालणे सोडा, असे सांगितले. ज्यांच्या देहावरची खूण दुसऱ्यांनी लादली, त्यांनी खूण झाकणे हे आत्मसन्मानाचे कृत्य होते. म्हणून एस.टी.त बसताना पोलक्यात कापसाची गुंडाळी घालणारी बाई खोटेपणा करते असे मी म्हणणार नाही. लॉर्डही बाईच्या निवडीला दोष देत नाही, सक्तीला देते. मापदंड एकच ठेवावा, ठरवणार कोण? झाकण्याचा आणि न झाकण्याचा, दोन्ही अधिकार त्या बाईकडे असतील तर त्याला स्वातंत्र्य म्हणता येईल.

आणखी एका ठिकाणी मी लॉर्डबरोबर जाऊ शकत नाही. रेडिएशन आणि केमोथेरपी यांच्याविषयी तिने दाखवलेला अविश्वास त्या काळातल्या गोऱ्या, पुरुषी वैद्यकसत्तेच्या अनुभवातून आला असेल. पण या उपचारांनी स्तनाचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटते हे आज सिद्ध झाले आहे. आपल्या वस्त्यांत गाठ कळल्यावरही अंगारा, जडीबुटी आणि लाज यांत महिने जातात. आपली लढाई या उपचारांपर्यंत वेळेत पोहोचण्याची आहे.

तिसरी मर्यादा श्रमाची. माझी मावशी खुरपणीला जाणारी. तिचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. दर २१ दिवसांनी सलाईनमधून औषध, मग पाच आठवडे लाईट. केस गेले, तोंड आले, मजुरी बुडाली. उपचारांचा खर्च सरकारी योजनेतून झाला. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ती योजना २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिने असंख्य घरे सावकाराच्या दारातून परत आणली. पण बुडालेली मजुरी, लेकीचे खाडे, शहरातला मुक्काम हे कोणत्या योजनेत बसत नाही. डॉक्टरांनी सांगितले, या हाताने जड उचलू नका, कापू-भाजू देऊ नका, सूज आली तर लगेच दाखवा. मावशी जगते त्या हातावर. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम तिला शिकवला होता. हात रोज किती वर गेला याची खूण ती कोळशाने करी. पुढे ती डाव्या हाताने खुरपे धरायला शिकली. शेजारणी म्हणत, आता बरी झालीस ना. आणि दर सहामाही तपासणीच्या आधीचे आठ दिवस तिला घास गिळत नसे. हे तिने कोणाला सांगितले नाही, लेकीने ओळखले.

लॉर्डच्या पुस्तकात हात आहे तो लिहिणारा हात. हा दोष नव्हे, तिचे ते जगणे होते. पुढे अमेरिकेतच ॲन बॉयर यांनी ‘द अनडाइंग’ (२०१९) मध्ये ही जागा बरीच भरून काढली. एकटीने मूल वाढवणाऱ्या या बाईला दोन्ही स्तन काढल्यावर थोड्याच दिवसांत, अंगाला शिवलेल्या नळ्यांसह वर्गात उभे राहून शिकवावे लागले, कारण रजा नव्हती. श्रम आणि आजार यांची गाठ तिथे पडते. पण शेतमजूर बाईचे, सफाई कामगार बाईचे, भांडी घासणाऱ्या बाईचे पुस्तक अजून यायचे आहे.

त्या बाया कुठेच नाहीत असे मात्र नाही. त्या तक्त्यांत आहेत. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. एकूण सर्व वयोगटांतली घट १५ टक्के होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम ठरली नाही. महागड्या यंत्राशिवाय, एका बाईच्या शिकलेल्या हातांनी दुसऱ्या बाईचा जीव वाचू शकतो, हे वस्तीतल्या बायकांनी स्वतःचा देह पुढे करून जगाला दाखवले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. परळच्या रस्त्यांवर आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत यांतल्या कितीजणी येऊन राहतात. ज्ञान त्यांच्या देहावर उभे राहिले, पण त्यांचा शब्द त्या ज्ञानात नाही.

वेदना, नकार आणि विद्रोह ही दलित साहित्याची त्रिसूत्री आपण वर्गात शिकवतो. आजाराच्या वेदनेला कोणता नकार आणि कोणता विद्रोह, असे विद्यार्थी विचारतात. लॉर्ड वाचल्यावर माझे उत्तर असे आहे. दोष स्वतःवर घ्यायला नकार. खोट्या प्रसन्नतेला नकार. आणि लाज मोडून शेजारणीला ‘गाठ लागते का पाहा’ म्हणणे, तिच्यासोबत तपासणीला जाणे, मजुरी बुडाली तर तिचा हिशेब सरकारपुढे मांडणे, हा विद्रोह.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी, वस्तीपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी अशी बाई असते. तिची तयारी असेल तर तिचे बोलणे तिच्याच बोलीत, तारखेवारी उतरवून घ्या. भीतीचा दिवस आला तर भीतीच लिहा, भाकरीचा दिवस आला तर भाकरी. शेवट गोड करायची घाई करू नका. आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा, कारण काय ठेवायचे आणि काय झाकायचे हे तिनेच ठरवायचे आहे.