तर्जुमान की प्रवक्ता? जेमी शे यांच्या युद्धभाषेचे वाचन

उर्दू वर्तमानपत्रांत सरकारच्या किंवा पक्षाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला 'तर्जुमान' म्हणतात. मूळ अरबीत हा शब्द दुभाष्यासाठी आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत, जसेच्या तसे, नेऊन पोहोचवणारा तो तर्जुमान. मराठीने त्यासाठी 'प्रवक्ता' हा शब्द घेतला. त्यात बोलणे आहे, पण पोहोचवण्याची अमानत नाही. प्रवक्त्याला बोलून मोकळे होता येते. तर्जुमान मात्र दोन्हीकडून बांधलेला असतो. ज्याच्या वतीने बोलतो त्याच्याशी आणि ज्याला सांगतो त्याच्याशीही. आधुनिक युद्धात लष्कराच्या वतीने रोज बोलणारा माणूस या दोहोंपैकी कोण असतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारायला हवा. युद्धाची पहिली संहिता हाच माणूस लिहितो. इतिहासकार, कादंबरीकार आणि कवी त्याच्यानंतर येतात.

या प्रश्नासाठी नाटोचे प्रवक्ते जेमी शे यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९५३ साली लंडनमध्ये जन्मलेले शे हे इतिहासाचे विद्यार्थी. ऑक्सफर्डमधील त्यांच्या डॉक्टरेटचा विषय पहिले महायुद्ध आणि युरोपातील बुद्धिजीवी हा होता. म्हणजे लेखणी युद्धाच्या सेवेत कशी जाते, हे ज्याने अभ्यासले असा हा माणूस. १९८० मध्ये ते नाटोत दाखल झाले आणि १९९३ मध्ये प्रवक्ते झाले. २४ मार्च १९९९ रोजी युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू झाली आणि पुढचे ७८ दिवस ब्रुसेल्सच्या व्यासपीठावरचा हा चेहरा, ते लंडनी सामान्य वस्तीतले उच्चार, जगभरच्या घरांत रोज पोहोचत राहिले.

युद्धाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण आपल्या वाचकांसाठी तीच या विषयाची अडचण आहे. कोसोवोतील बहुसंख्य अल्बेनियन हे मुसलमान. मिलोसेविच यांच्या राजवटीने त्यांच्यावर केलेले अत्याचार खरे होते. बॉम्बफेक सुरू झाल्यावर हकालपट्टीला भयंकर वेग आला आणि सुमारे साडेआठ लाख माणसे देशाबाहेर ढकलली गेली. चारच वर्षांपूर्वी, जुलै १९९५ मध्ये, स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास मुसलमान पुरुष आणि मुले मारली गेली, तेव्हा जग बघत राहिले होते. त्यामुळे या वेळी कोणी तरी धावून आले, ही भावना खोटी नव्हती. दुसरीकडे, या युद्धाला सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. बॉम्बफेक थांबवण्याचा रशियाचा ठराव २६ मार्चला ३ विरुद्ध १२ मतांनी पडला. भारत परिषदेचा सदस्य नसतानाही त्या ठरावाचा सहप्रस्तावक होता. मुसलमानांना वाचवण्यासाठी म्हणून लढले गेलेले हे युद्ध होते. त्याची भाषा तपासणे म्हणजे मिलोसेविचची बाजू घेणे नव्हे, एवढे सुरुवातीलाच स्पष्ट असावे.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू.

पहिला प्रसंग २९ मार्चचा. नाटोच्या पत्रकार परिषदेत लष्करी प्रवक्त्याने सांगितले की, वाटाघाटींत भाग घेतलेले अल्बेनियन नेते फेहमी अगानी आणि इतर काही बुद्धिजीवींना सर्बांनी ठार मारले. त्यांत 'कोहा दितोरे' या दैनिकाचे संपादक बातोन हाजिउ यांचेही नाव होते. हाजिउ जिवंत होते. अगानीही जिवंत होते. पुढे मे महिन्यात अगानींची खरोखरच हत्या झाली. मार्चमध्ये खोटी असलेली बातमी मेमध्ये खरी ठरली. हेतू फसवण्याचाच असेल असे म्हणता येत नाही. युद्धाच्या धुरात अफवा उडतातच. पण अफवेला व्यासपीठ मिळाले की ती अफवा राहत नाही, तिला सनद मिळते. आणि मग खरोखर मारल्या जाणाऱ्या माणसाच्या मृत्यूची बातमी आधीच खर्ची पडलेली असते.

दुसरा प्रसंग १२ एप्रिलचा. ग्रदेलित्सा येथील पुलावर प्रवासी रेल्वेगाडीवर क्षेपणास्त्र पडले आणि किमान १२ प्रवासी मेले. दुसऱ्या दिवशी सरसेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांनी क्षेपणास्त्रावरील कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली. गाडी क्षणात पुलावर येते, वैमानिकाला काही करायला वेळच नाही, असे ती पाहणाऱ्याला वाटले. जानेवारी २००० मध्ये एका जर्मन दैनिकाने दाखवून दिले की ही फीत प्रत्यक्षापेक्षा सुमारे तिप्पट वेगाने फिरवली गेली होती. नाटोने तांत्रिक कारण सांगितले. चित्रात काहीच खोटे नव्हते. गाडी खरी, पूल खरा, क्षेपणास्त्रही खरे. फक्त वेळ बदललेली होती, आणि सगळा बचाव त्या वेळेवरच उभा होता.

तिसरा प्रसंग आपल्या मनाला अधिक जवळचा. १४ एप्रिलला जाकोवित्साजवळ ट्रॅक्टर आणि गाड्यांतून पळणाऱ्या अल्बेनियन निर्वासितांच्या तांड्यावर नाटोच्या विमानांनी बॉम्ब टाकले. ज्यांना वाचवायचे, त्यांतलेच सत्तरहून अधिक लोक गेले. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्समध्ये एका वैमानिकाच्या आवाजाची फीत ऐकवण्यात आली. नंतर कळले की ती या तांड्यावरील हल्ल्याची नव्हतीच. १९ एप्रिलला एका जनरलला येऊन सारे नव्याने सांगावे लागले. मधले दिवस स्पष्टीकरणे बदलत राहिली. यानंतर ब्रिटिश पंतप्रधानांचे माध्यमप्रमुख ॲलिस्टर कॅम्बेल ब्रुसेल्सला गेले आणि शे यांच्या हाताखाली माणसांची फौज देण्यात आली. दुर्घटनेनंतर पहिली तातडीची दुरुस्ती माहिती देण्याच्या यंत्रणेत झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या घटनेवर शे यांचे म्हणणे असे होते की, लोकशाही देशातील प्रशिक्षित वैमानिकाकडून जी अपेक्षा असते त्याप्रमाणे त्या वैमानिकाने बॉम्ब सद्भावनेने टाकला. या विधानाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. प्रवक्ते कर्ता लपवतात, अशी सर्वसाधारण तक्रार असते. येथे कर्ता लपवलेला नाही. वैमानिक समोर उभा आहे, क्रियाही स्पष्ट आहे. पण त्या दोहोंच्या मध्ये 'सद्भावनेने' हे क्रियाविशेषण आणि 'लोकशाही', 'प्रशिक्षित' ही विशेषणे अशी बसवली आहेत की कर्म, म्हणजे ट्रॅक्टरवरची माणसे, वाक्याबाहेरच पडतात. ज्याला वैमानिकाचे मन दिसत नव्हते, तो त्याच्या नियतीची ग्वाही देत होता. नियत जाणणारा एकच असतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

'कोलॅटरल डॅमेज' या शब्दाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तो शे यांनी घडवलेला नाही. अमेरिकी लष्करात आधीपासून होता. पण त्या ७८ दिवसांत तो इतका रुळला की जर्मनीतील भाषातज्ज्ञांच्या एका मंडळाने त्याच्या जर्मन रूपाला १९९९ चा 'सर्वांत वाईट शब्द' ठरवले. मराठीत आपण 'आनुषंगिक हानी' करून मोकळे झालो. 'हानी' पिकाची होते, मालमत्तेची होते. माणसाचा मृत्यू होतो. एवढा फरक भाषांतरकारानेही पाहिला नाही.

चौथा प्रसंग अधिक गंभीर आहे. १२ एप्रिलला शे यांनी पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला लेखी कळवले होते की दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण यंत्रणेवर केवळ ती प्रक्षेपण यंत्रणा आहे म्हणून हल्ला करण्याचे धोरण नाही. २३ एप्रिलच्या पहाटे बेलग्रेडमधील सर्बियन दूरचित्रवाणीच्या इमारतीवर बॉम्ब टाकला गेला आणि तेथे काम करणारे १६ जण मेले. कर्मचाऱ्यांना वेळीच बाहेर काढले नाही म्हणून त्या वाहिनीच्या प्रमुखाला २००२ मध्ये सर्बियातच तुरुंगवासाची शिक्षा झाली. पत्र लिहिणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. लक्ष्य ठरवणाऱ्यांनी शे यांना अंधारात ठेवले असेलही. पण मग प्रश्न आणखी कठीण होतो. ज्याला घरातले ठाऊक नाही, त्याच्या शब्दाला जगाने किती किंमत द्यावी?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा मोठा अभ्यास आहे. इल्म-ए-हदीसमध्ये मजकुरासोबत सांगणाऱ्याची परीक्षा होते. रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, तो तेथे होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचा स्वार्थ कोणता; जर्ह व तादीलचे सारे शास्त्र यातून उभे राहिले. त्यात 'तदलीस' नावाचा एक दोष आहे. असा रावी खोटे बोलत नाही, पण सनदेतील कच्चा दुवा ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये अशा बेताने सांगतो. वेग वाढवलेली फीत आणि दुसऱ्याच हल्ल्याचा आवाज यांना आजच्या भाषेत 'प्रचार' म्हणतात. मला 'तदलीस' हा शब्द अधिक नेमका वाटतो. सूरह अल-हुजुरातमध्येही बातमी आली की शहानिशा करण्याची ताकीद आहे, आणि त्याचे कारण म्हणजे अजाणतेपणी कोणा लोकसमूहाचे नुकसान होऊन नंतर पस्तावण्याची वेळ येऊ नये. तांड्यावर बॉम्ब टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर, दोन्ही वेळा ही ताकीद लागू होती.

येथे दुसऱ्या एका प्रवक्त्याची आठवण येते. इराकचे माहितीमंत्री मोहम्मद सईद अल-सह्हाफ. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी रणगाडे बगदादमध्ये शिरले असताना, ते शिरलेच नाहीत असे सांगणारे सह्हाफ जगाच्या थट्टेचा विषय झाले. त्यांच्या नावाने विनोद निघाले. त्यांचे म्हणणे खोटेच होते, यात वाद नाही. पण त्यांचे खोटे ऐकणाऱ्याला खिडकीतून दिसत होते, म्हणून ते निरुपद्रवी होते. शे यांच्या विधानांतील गफलत कळायला दिवस, कधी महिने लागले. तोवर बातमी जुनी झालेली असे. एकाचे हसू झाले, दुसऱ्याची बढती झाली. शे पुढे नाटोच्या माहिती विभागाचे संचालक झाले, २००५ पासून धोरण नियोजनाचे संचालक झाले आणि २०१८ मध्ये उपसहाय्यक महासचिव या पदावरून निवृत्त झाले. नंतर विद्यापीठात शिकवू लागले. युद्ध संपल्यावर जुलै १९९९ मध्येच लंडनमधील एका व्याख्यानात त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते की, आपण माध्यमांतील जागा व्यापून टाकली आणि दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कोणालाही नाटोचा संदेश टाळता येणार नाही अशी परिस्थिती निर्माण केली. हा प्रामाणिकपणा दाद देण्यासारखा आहे. यात पोहोचवण्याची अमानत नाही, जागा व्यापण्याचे समाधान आहे. तर्जुमान येथे संपला आणि प्रवक्ता उरला.

जागा व्यापण्याचा परिणाम न्यायापर्यंत गेला. मे १९९९ मध्ये नाटोच्या कृत्यांची चौकशी होऊ शकेल का, असे विचारले गेले. तेव्हा युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणाला पैसा पुरवणारे देश नाटोचेच आहेत, याची आठवण शे यांनी करून दिली. जून २००० मध्ये त्या न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीने चौकशी सुरू करू नये अशी शिफारस केली. आपण नाटोची प्रसिद्धिपत्रके आणि पत्रकार परिषदांतील निवेदने सर्वसाधारणपणे विश्वसनीय मानली आहेत, असे त्या अहवालातच नमूद आहे. ह्यूमन राइट्स वॉचने त्याच वर्षी सुमारे ५०० नागरिक मारले गेल्याचा हिशेब मांडला होता. व्यासपीठावरचे वाक्य असे पुराव्याच्या जागी जाऊन बसले.

आपल्याकडे या विषयावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक कृतज्ञतेची: मुसलमानांसाठी लढले, मग चुका कशाला काढता? दुसरी संशयाची: पाश्चात्त्यांचे सगळेच खोटे. दोन्हींत वाचण्याचे कष्ट नाहीत. संशयवाल्याला निर्वासितांचे साडेआठ लाख नाकारावे लागतात आणि कृतज्ञाला तांड्यातले सत्तर विसरावे लागतात. बाजू न्याय्य असेल तर तिच्या तर्जुमानाने अधिक काटेकोर असायला हवे. खऱ्या दुःखाला खोट्या सनदेने बळ मिळत नाही, उलट पुढे त्या दुःखावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हे वाचन आपल्याला परक्या देशापुरते ठेवता येणार नाही. 'पोलिसांना गोळीबार करावा लागला' हे वाक्य आपण मराठी वर्तमानपत्रांत कितीदा वाचले आहे! यात गोळी झाडणाराच चतुर्थीत बसून सक्तीचा बळी होतो. शाळेत प्रयोग शिकवताना मुलांना सांगता येते की 'वैमानिकाने बॉम्ब टाकला' हा कर्मणी प्रयोग असूनही त्यात कर्ता उघड आहे, आणि 'बॉम्ब पडला' हा कर्तरी असूनही त्यात खरा करणारा बेपत्ता आहे. दोष प्रयोगाचा नसतो, क्रियापद निवडणाऱ्याचा असतो. मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल आपल्या लेखकांनी याच दृष्टीने वाचावा. तेथे साक्षीदार बोलतात, तारीख आहे, ठिकाण आहे, कोणी काय केले हे क्रियापदात आहे. आपल्या कथा-कवितांत 'जमाव', 'हिंसा', 'आग' हेच कर्ते होऊन बसतात आणि माणसे गायब होतात. ती सवय मोडण्यासाठी प्रत्येकाने आपले एक पान घ्यावे, त्यातली अशी वाक्ये शोधावीत आणि कर्ता व कर्म दोन्ही जागेवर बसवून ती पुन्हा लिहून पाहावीत.