थरांचे चित्र आणि गाण्याची लय

कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी पोथीतले एकेक पान उचलून श्रोत्यांसमोर धरतो आणि त्या पानावरचा प्रसंग गाऊन, सांगून उभा करतो. चित्र स्थिर असते. हलते ते गाणे. पानावरचा रावण ज्या आवेशात रंगविला गेला त्याच आवेशात राहतो, परंतु गायकाचा सूर चढला की तो संतापल्यासारखा भासतो, उतरला की थकल्यासारखा. ठाकर समाजातील कलावंतांनी जपलेल्या या कलेत चित्र आणि गीत यांनी आपापले वतन जणू वाटून घेतले आहे : अवकाश चित्राचा, काळ गाण्याचा. रेखाटनांवर रेखाटने चढवून, लोकप्रिय सिनेमाची प्रतिमासृष्टी उचलून आणि तिला गाण्याची जोड देऊन आज जी चलच्चित्रकला उभी राहत आहे, तिचे मोल ठरविताना ही जुनी वाटणी ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरते. कारण चित्रच हलू लागले की काळावर हक्क सांगणारे धनी दोन होतात, आणि खरा पेच तेथूनच सुरू होतो.

मर्ढेकरांनी लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल या तीन संबंधांचा आग्रह धरला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. त्या कसोटीवर गीत-चित्राच्या बहुसंख्य मिश्रणांचा दोष चटकन उघड होतो. त्यांत संवाद असतो, किंबहुना संवादाखेरीज काहीच नसते. ताल पडला की आकृती उडी मारते, सूर लांबला की रेषा लांबते. चित्र गाण्याची चाकरी करते आणि चाकरी चोख बजावल्याबद्दल त्याचे कौतुक होते.

ही चाकरी नेहमीच हीन असते असे मात्र नव्हे. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांनी रेखाटलेला 'एक अनेक और एकता' (१९७४) हा दूरदर्शनवरून घरोघर पोहोचलेला लघुपट पाहावा. तेथे मुलांना काही शिकवावयाचे आहे. गाणे तो धडा देते आणि चित्र तोच धडा साध्या, प्रसन्न आकारांत गिरवते. हेतू इतका निर्मळ आहे की चित्राने वेगळे काही सांगावे अशी अपेक्षाही निर्माण होत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावी. हा लघुपट पाहून वाढलेल्या पिढीला गाणे आठवले म्हणजे चित्र आठवते. चित्र आठवून गाणे आठवले, असे क्वचितच घडते.

या पार्श्वभूमीवर गीतांजली राव यांची कामगिरी विशेष विचारार्ह आहे. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या या कलावतीने 'प्रिंटेड रेनबो' (२००६) या लघुपटात एकाकी वृद्धा, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरील चित्रांचा संग्रह एवढ्याच सामग्रीतून एक विश्व उभे केले. काडेपेटीवरचे चित्र म्हणजे लोकप्रिय कलेचा सर्वांत स्वस्त नमुना. पानाच्या गादीवर मिळणारा आणि काड्या संपल्या की फेकून दिला जाणारा. राव यांनी त्याचा उपहास केला नाही किंवा त्यावर गहिवरही काढला नाही. वृद्धेच्या करड्या खोलीवर ते रंगीत विश्व त्यांनी एका थरासारखे चढविले, आणि खालचा करडेपणा पुसू दिला नाही. संवादाचा एकही शब्द नसताना हा लघुपट बोलतो, तो या दोन थरांमधील अंतरामुळे.

'बॉम्बे रोझ' (२०१९) हा त्यांचा पूर्ण लांबीचा बोलपट त्या वर्षीच्या व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनपट होता. चौकटीमागून चौकट रंगवून केलेल्या या चित्रपटात फुले विकणारी कमला, काश्मीरमधून आलेला सलीम आणि एके काळी सिनेमात काम केलेली वृद्ध शर्ली डिसूझा यांच्या कथा एकमेकींत गुंफल्या आहेत. पारदर्शक पत्र्यांवर आकृती काढून त्या एकाच स्थिर पार्श्वभूमीवर सरकविण्याच्या जुन्या रीतीत हलणारे आणि न हलणारे यांची फाळणी झालेली असते. येथे रंगाचा फटकाराच चौकटीगणिक किंचित बदलतो, आणि त्यामुळे भिंत, रस्ता, गर्दी सारेच श्वास घेत असल्यासारखे वाटते.

या पद्धतीचे सारे सामर्थ्य एकवटले आहे ते शर्लीच्या फेरफटक्यात. ती आजच्या रस्त्यावरून चालू लागते, आणि तिच्या चालीबरोबर रंग ओसरत जाऊन जुनी, कृष्णधवल मुंबई वर येते. स्मृतिदृश्ये सिनेमात पैशाला पासरी मिळतात. पण तेथे वर्तमान कापून भूतकाळ जोडलेला असतो. येथे काही कापलेले नाही. एका शहराखाली दुसरे शहर आधीपासून होतेच, आणि ते केवळ एका म्हातारीच्या पावलांना ठाऊक होते. लय गाण्यातून आलेली नाही. ती चालण्यातून आली आहे. मर्ढेकरांचा 'विरोध' येथे दोन काळांत आहे आणि समतोल त्या चालीत.

कमलेच्या स्वप्नांविषयी असे म्हणता येत नाही. लघुचित्रशैलीत रंगविलेले ते प्रसंग देखणे आहेत, पण एकदा ती राजकन्या झाली की खालची फूलवाली दिसेनाशी होते. एक थर दुसऱ्याला झाकून टाकतो, आणि झाकणे म्हणजे थर चढविणे नव्हे. हिंदी सिनेमाच्या भाबडेपणाकडे डोळे उघडे ठेवून पाहू इच्छिणारा हा चित्रपट अशा वेळी स्वतःच त्या भाबडेपणाच्या स्वाधीन होतो. काडेपेटीच्या बाबतीत जो संयम साधला होता तो येथे गाण्याच्या मोहाने सुटला, असेच म्हणावे लागते.

भारतातील बहुसंख्य प्रेक्षकांनी हा चित्रपट मार्च २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर, घरच्या पडद्यावर पाहिला. आणि पडद्याचा आकार हा येथे गौण मुद्दा नाही. बंगळूरच्या दक्षिणेला, कर्नाटक शासनाच्या केऑनिक्सने १९७० च्या दशकाअखेर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर वसविलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे उदाहरण घ्यावे. नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी तरुणाला मुंबईची ही फूलवाली भेटते ती दिवसभराच्या कामानंतर हातातल्या फोनवर. ऑगस्ट २०२५ पासून धावू लागलेल्या पिवळ्या मार्गिकेच्या मेट्रोत, कानांत ध्वनियंत्रे घालून. तळहाताएवढ्या चित्रात फटकाऱ्याचे श्वसन दिसत नाही आणि शर्लीच्या पायांखालचे शहर नुसते करडे होते. गाणे मात्र आकसत नाही. कानाला ते पूर्ण मिळते. म्हणजे चित्राने कष्टाने मिळविलेला समतोल प्रेक्षकाच्या हातात पडेपर्यंत पुन्हा गाण्याच्या बाजूला कललेला असतो. जी चलच्चित्रे मुळातच गाण्याची चाकर आहेत, त्यांचे यात काहीच बिघडत नाही. बिघडते ते राव यांच्यासारख्यांचे.

नलिनी मालानी यांनी या अडचणीतून काढलेली वाट अगदी निराळी आहे. सर ज. जी. कलाशाळेच्या या विद्यार्थिनीने १९६९ मध्ये, अकबर पदमसी यांनी मुंबईत चालविलेल्या कार्यशाळेत 'ड्रीम हाउसेस' हा चलच्चित्रपट केला होता. पुढे अर्धशतकाने, आयपॅडवर बोटाने काढलेली रेखाटने त्यांनी 'कॅन यू हिअर मी?' या कृतीत लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनाच्या भिंतींवर टाकली. नऊ प्रक्षेपणांच्या प्रतिमा एकमेकींवर चढतात, एकमेकींना खोडतात, खोडल्याची खूण ठेवतात. कवितेच्या ओळी, वर्तमानपत्री संताप, लहान मुलीची आकृती सारे एकाच भिंतीवर भांडते. येथे कोणतेही एक गाणे सर्वांना तालात चालवीत नाही. कोठे थांबावे, कोणत्या भिंतीकडे पाठ करावी, हे उभ्या असलेल्या माणसाने ठरवावयाचे असते.

परंतु या स्वातंत्र्यासाठी त्या दालनात जावे लागते. मालानींची भिंत मेट्रोत नेता येत नाही, आणि शर्ली डिसूझा, कितीही आकसली तरी, तेथवर पोहोचते.