सरळ रेषेचा वनवास

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या तीन मीटर फळीवरील उड्यांची अंतिम फेरी संपली तेव्हा गुणफलकावर चीनच्या चेन यीवेनच्या नावापुढे ३७६.००, ऑस्ट्रेलियाच्या मॅडिसन कीनीच्या नावापुढे ३४३.१० आणि चीनच्याच चांग यानीच्या नावापुढे ३१८.७५ असे आकडे होते. आणि या कलेचा गेल्या काही वर्षांचा ताळेबंद ज्यांच्या मनात आहे त्यांना या आकड्यांनी आनंदापेक्षा चिंताच अधिक दिली असेल. बीजिंगला २००८ मध्ये ग्वो जिंगजिंगने ४१५.३५ गुणांनी सुवर्णपदक मिळवले होते, लंडनला वू मिन्श्याने ४१४.०० गुणांनी, रिओला शी टिंगमाओने ४०६.०५ गुणांनी, टोकियोला तिनेच ते पुन्हा मिळवले, पण ३८३.५० गुणांवर. विजेतीची ही उतरंड एक वेळ सोडून देऊ. पण बीजिंगला तिसऱ्या आलेल्या वू मिन्श्याचे ३८९.८५ गुण पॅरिसमध्ये सुवर्णपदकाला पुरून उरले असते, आणि पॅरिसच्या तिसऱ्या क्रमांकाला बीजिंगमध्ये पदकाच्या आसपासही जागा मिळाली नसती, ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

पंचांच्या कडकपणात काळाप्रमाणे फरक पडतो आणि अंतिम फेरीच्या दिवशी एखादीचा तोल जातो, हे मान्य करूनही एवढ्या घसरणीचा उलगडा होत नाही. त्यासाठी या स्पर्धेचा शिरस्ता थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. सात पंच प्रत्येक उडीला शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन बाद होतात, मधल्या तिघांची बेरीज होते आणि तिला त्या उडीच्या काठिण्यांकाने गुणले जाते. स्त्रियांना पाच उड्या माराव्या लागतात, त्या पाच निरनिराळ्या गटांतल्या. आज जगातल्या बहुतेक अव्वल स्पर्धकांची यादी एकच आहे: पुढे साडेतीन कोलांट्या, मागे अडीच, पाण्याकडे तोंड करून उडून मागे फिरणाऱ्या अडीच, पाण्याकडे पाठ करून फळीच्या दिशेने वळणाऱ्या अडीच, आणि पुढच्या अडीच कोलांट्यांत गुंफलेली एक पूर्ण गिरकी, साऱ्या कमरेत मोडून आणि गुडघे ताठ ठेवून. पहिलीचा काठिण्यांक ३.१, उरलेल्या चारांचा प्रत्येकी ३.०. म्हणजे साऱ्या पंचांनी सर्व उड्यांना दहापैकी दहा दिले तरी एकूण ४५३ च्या पलीकडे कोणालाच जाता येत नाही.

एखाद्या मैफलीत बारा गायिका एकामागून एक बसाव्यात आणि प्रत्येकीने तीच चीज त्याच लयीत गावी, तसे अंतिम फेरीतल्या बारा जणींचे झाले आहे. कोणी एखादी धाडसी मुलगी दोन गिरक्यांची ३.४ काठिण्याची उडी यादीत घेते. पण ती चुकली तर पदक गेले, आणि साधली तरी ज्या चिनी स्पर्धकेला ३.० च्या उडीवर साडेआठ-नऊ गुण हमखास पडतात तिला गाठण्याची खात्री नाही, या हिशेबाने बहुतेक प्रशिक्षक आपल्या शिष्यांना ठरलेल्या वाटेवरून हलू देत नाहीत. पुरुषांच्या फळीवर साडेचार कोलांट्यांची, ३.८ काठिण्याची उडी आता नेहमीची झाली आहे. स्त्रियांच्या यादीला मात्र वर्षानुवर्षे कुलूप आहे.

चीनच्या वर्चस्वाला या स्थितीचे कारण मानणारा एक पक्ष आहे. वर्चस्व आहे हे उघडच आहे. १९८८ च्या सेऊलपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत या वैयक्तिक प्रकारातली दहाच्या दहा सुवर्णपदके चीनकडे गेली: गाओ मिनला दोन, फू मिंगश्याला दोन, ग्वो जिंगजिंगला दोन, वू मिन्श्याला एक, शी टिंगमाओला दोन आणि चेन यीवेनला एक. पण पूर्वी असाच अंमल अमेरिकेचाही होता. १९२० मध्ये अँटवर्पला स्त्रियांसाठी फळीवरील उड्या प्रथम आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या एलीन रिगिनने जे पदक नेले ते १९५६ पर्यंत अमेरिकेबाहेर गेलेच नाही; १९३६ च्या बर्लिनची विजेती मार्जोरी गेस्ट्रिंग तर तेरा वर्षांची होती. एका राष्ट्राचा दीर्घ अंमल कलेला मारतोच असे नाही. गाओ मिनकडे पाहून जगाने देहाची ओळ कशी राखावी हे शिकून घेतले. माझ्या मते खरी हानी झाली ती नियमांच्या दफ्तरात, आणि तिच्याकडे टीकाकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही.

ती हानी अशी. २००४ च्या अथेन्सपर्यंत उपांत्य फेरीत मर्यादित काठिण्याच्या उड्या माराव्या लागत आणि त्यांचे गुण अंतिम गुणांत मिळवले जात. काठिण्याला वरून मर्यादा घातलेली असल्यामुळे स्पर्धकेला कोलांट्यांच्या संख्येचा आसरा घेता येत नसे. एक साधी पुढची उडी, एक साधी मागची उडी, देह नखशिखांत सरळ, आणि त्यात काय दिसेल तेवढ्यावर निवाडा. त्यानंतर ही अट गेली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला त्या उड्या कंटाळवाण्या वाटतात आणि स्पर्धा लांबते, असा युक्तिवाद तेव्हा होता व आजही ऐकू येतो. परिणाम असा झाला की सरळ देहाची उडी मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ हद्दपार झाली. तिचे गणितच तिच्या विरुद्ध आहे. कमरेत मोडलेला देह आखूड होतो म्हणून भराभर फिरतो. सरळ देह लांब असतो म्हणून संथ फिरतो, आणि फळी सोडल्यापासून पाण्याला स्पर्श होईपर्यंत जो सुमारे दीड सेकंद मिळतो त्यात तो फार फेरे घेऊ शकत नाही. फेरे कमी म्हणून काठिण्यांक कमी, काठिण्यांक कमी म्हणून ती यादीबाहेर. पण ज्या दीड सेकंदात फिरक्यांच्या घाईमुळे प्रेक्षकाला फक्त एक गरगरणारा गोळा दिसतो, त्याच दीड सेकंदात सरळ उडी मारणारी स्त्री आपला सबंध देह पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उलगडून ठेवते, आणि तिच्या टाचेतला, पाठीतला, मानेतला लहानसा दोषही लपत नाही.

अमेरिकेच्या मिकी किंगची हकीगत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीला ती आघाडीवर असताना सरळ देहाच्या उलट दीड कोलांटीत तिचा हात फळीवर आपटून मोडला. तरीही तिने शेवटची उडी पुरी केली आणि चौथी आली. चार वर्षांनी म्युनिकला तिने सुवर्णपदक जिंकले, तेही त्याच उडीच्या बळावर. ज्या उडीत एवढे धैर्य आणि एवढे सौंदर्य एकत्र नांदत होते ती आजच्या अंतिम फेरीत दिसत नाही, याचे दुःख मला गुणांच्या उतरत्या आकड्यांपेक्षा अधिक आहे. हे दोन्ही मुद्दे वेगळे नाहीत असेही मला वाटते: सरळ रेषेची तालीम सुटल्यामुळेच मोडलेल्या देहाच्या उड्याही ढिल्या पडल्या असाव्यात.

उंच चबुतऱ्यापेक्षा फळी मला श्रेष्ठ वाटते तेही याच कारणाने. चबुतरा निश्चल असतो. फळी जिवंत असते. सुमारे पावणेपाच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या बाजूला असलेले ते दातेरी चाक, जे स्पर्धक पायाने फिरवून टेकू पुढेमागे करते आणि आपल्या वजनाला हवी तशी फळी मऊ किंवा कडक करून घेते. मग लहानशा रुमालाने पोटऱ्या आणि मांड्या कोरड्या करणे, कारण ओल्या पायांवरून हवेत हाताची पकड निसटते. मग मोजकी पावले, एका पायावरची ती छोटी उसळी, दोन्ही पायांनी फळीच्या टोकावर उतरणे, आणि फळी खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत धीर धरणे. तिच्या आधी उडी घेतली तर उंची मिळत नाही, उशीर केला तर फळी गुडघ्यांना धक्का देते. शेवटी पाण्यात शिरताना एका हाताने दुसरा पकडून तळवा आडवा ठेवायचा, म्हणजे तो पाण्याला भोक पाडतो आणि मागून येणारा देह त्याच भोकातून आत जातो. शिंतोडे उडत नाहीत, फक्त कापड फाटावे तसा एक आवाज होतो.

हे सारे उज्जैनच्या देवास गेटवर राहून लिहिताना मला परकेपणा वाटत नाही, कारण ज्याला मी सरळ रेषेची तालीम म्हणतो ती येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब मराठी माणसांबरोबर माळव्यात आला आणि येथे असा रुजला की मध्य प्रदेश सरकारने २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. १९८१ मध्ये मल्लखांबाचा महासंघ उभा राहिला त्या काळात त्याच्या स्पर्धांना नियमांची घडी घालून देणाऱ्यांत उज्जैनच्या बामशंकर जोशींचे नाव अग्रभागी आहे. उज्जैनचेच प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आणि २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या तेव्हा मल्लखांबाचा आखाडा याच नगरीत मांडला गेला.

दोरीच्या मल्लखांबावरची मुलगी जवळून पाहावी. सुती दोर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून ती वर सरकते, कोठेही गाठ न मारता अंगाभोवती दोराची अढी घालते, आणि मग दोन्ही हात सोडून जमिनीशी समांतर असा देह पसरते. त्या क्षणी तिची पावले ताणलेली असतात, गुडघे ताठ असतात, पाठीची कमान कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे बोटाने दाखवता येते, आणि तिचा चेहरा शांत असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या अंगी मी हे पाहिले आहे. उलटे लटकून जमीन कोठे आहे याचे भान न सुटणे हे उडीच्या विद्येचे अर्धे भांडवल आहे, आणि ते त्यांच्याजवळ आयते आहे. येथून जवळच रामघाटाच्या पायऱ्यांवरून शिप्रेत सूर मारणारी मुले कोणीही पाहावीत; त्यांत मुली जवळजवळ नसतात, आणि त्या मुलांनाही खोली, तळ आणि देहाची ओळ यांविषयी सांगणारे कोणी नसते.

आपल्या देशात या विद्येला पूर्वपीठिका नाही असे नाही. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत के. पी. ठक्कर यांनी पुरुषांच्या उड्यांत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. स्त्रियांमध्ये आज सोलापूरच्या ऋतिका श्रीरामने राष्ट्रीय स्तरावर अनेक वर्षे आपले स्थान राखले आहे. आणि येथून केवळ पंचावन्न किलोमीटरवर, देवास गेटच्या बसस्थानकावरून गाडी धरली तर दीड तासाच्या आत पोहोचता येईल अशा इंदूरच्या पलक शर्माने २०१९ मध्ये बंगळूरच्या आशियाई वयोगट स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२१ मध्ये राष्ट्रीय बालपुरस्काराच्या मानकऱ्यांत तिची निवड झाली. या मुलींनी जे केले ते तुटपुंज्या साधनांवर केले. चीनमधली मुलगी पाण्यात पहिली उडी मारण्यापूर्वी कोरड्या जागेत, कमरेला पट्टा बांधून, जाळीवर आणि स्पंजाने भरलेल्या खड्ड्यावर बसवलेल्या फळीवरून असंख्य वेळा तीच हालचाल करून घेते. आपल्याकडे बहुधा ओल्या फळीवरच पहिला धडा सुरू होतो, आणि पहिल्याच चुकीत पोटावर पडलेली मुलगी पुन्हा त्या फळीकडे फिरकत नाही.

दोन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. जागतिक संघटनेने मर्यादित काठिण्याच्या सरळ उड्या अंतिम गुणांत पुन्हा आणाव्यात. त्याने एका देशाचे वर्चस्व हटेल की नाही हे गौण आहे, पण बारा जणींच्या बारा देहांतला फरक पुन्हा डोळ्यांना दिसेल. दुसरी गोष्ट आपल्या दाराशी आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनात रस्ते, पूल आणि घाट यांवर मोठा खर्च होत आहे. त्या बंदोबस्ताच्या कागदांत पावणेचार मीटर खोल पाण्याचा एक कुंड, एक आणि तीन मीटरच्या दोन फळ्या, आणि शेजारी कोरड्या तालमीची एक शेड एवढ्याची तरतूद करणे अशक्य नाही. महापालिकेने ती करावी, आणि मल्लखांबाच्या उस्तादांनी आपल्या दोरीवरच्या दोन-चार मुली त्या फळीकडे पाठवाव्यात.